खालून धरणारा

बसा, लाईट काही इतक्यात येणार नाही. वेल्ह्यात ढग खाली उतरले की असंच होतं. शर्टाचं कापड लाईट आल्यावर दाखवतो, या दिव्यात काळा आणि निळा सारखाच दिसतो. तोवर तुम्ही मघाशी विचारलंत ते सांगतो, हायवेवरची मशीनची नोकरी सोडून मी सासऱ्यांच्या कापडदुकानात का बसलो ते. लोकांना मी सांगतो, पाठ दुखायची. पाठ दुखायची हे खरंच आहे.

शिवऱ्याला हायवेलगत मानसिंगशेठचं वर्कशॉप आहे. पंपाचे ओतीव भाग तिथं तासून सपाट करतात. त्या मशीनवर आम्ही दोघं होतो, मी आणि भाटघरचा गोरख. दोघं लागायचोच, कारण कटर बदलणं एकट्याचं काम नव्हतं. कटर म्हणजे कडेनं पात्या बसवलेली लोखंडाची जाड थाळी, भरल्या घागरीएवढी जड. मशीनच्या डोक्यातून आरपार गेलेल्या लांब बोल्टवर ती खाली लटकलेली असते. एकानं स्टुलावर चढून पान्यानं बोल्ट सोडायचा, दुसऱ्यानं खाली दोन्ही हातांनी कटर झेलायचा. मी वर, गोरख खाली. शेवटचा आटा सुटायच्या आधी मी विचारायचो, "धरलं का?" तो म्हणायचा, "धरलं." तो शब्द आल्याशिवाय पाना हलवायचा नाही, ही आमची रीत. गोरखची बोटं त्या एका शब्दामुळे शाबूत होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गोरख काविळीनं गेला. दुखणं अंगावर काढलं त्यानं. शेठनी त्याच्या जागी माणूस घेतला नाही. मला पुण्याला पाठवून एक खोकं आणवलं, ते मांडीवर घेऊन मी एसटीनं आलो. खोक्यात क्विक-चेंज सिस्टीम होती. मशीनच्या डोक्यावर बसवायचा, हवेच्या दाबावर चालणारा एक डबा, आणि एका मापाचे होल्डर. प्रत्येक कटर आपापल्या होल्डरमध्ये कायमचा घट्ट केलेला. बटण दाबलं की होल्डर कटरसकट सुटून हातात येतो, दुसरा वर सारला की खटकन बसतो. स्टूल नको, पाना नको, वरचा माणूस नको.

शेठ खूश होते, आता एका माणसात भागतंय म्हणाले. मी म्हटलं, उजव्या हातानं बटण दाबायचं तर घागरीएवढं ओझं एकट्या डाव्या हातावर झेलायचं का? त्यावर त्यांनी शब्द दिला. पावसाळा सरेपर्यंत बघ, नाहीच झेपलं तर माणूस देतो आणि आठवड्याची सुटीही देतो. मला दुसरं काही नकोच होतं. मी दिवस मोजत राहिलो.

तुम्ही कधी इतके दमला आहात का, की भूकसुद्धा आठवत नाही? भोरला घरी पोचायचो तर माझी बायको, शाहिस्ता, ताट वाढेपर्यंत मी भिंतीला टेकून झोपलेला असायचो. डावा खांदा रात्रभर ठणकायचा. सकाळी पुन्हा शिवऱ्याची गाडी.

एका दुपारी आभाळ इतकं भरून आलं की शेडमध्ये दिवेलागणीसारखा अंधार झाला. हायवेवरच्या गाड्यांनी भरदिवसा दिवे लावले होते. मशीन थांबलं होतं, पाणी-तेलाच्या कूलंटचा आंबूस वास कोंदला होता, पत्र्यावरून एक एक थेंब गळत होता. उजवं बोट बटणावर, डावा हात कटरखाली. डोळे मिटत होते. आणि जुन्या सवयीनं तोंडातून गेलं, "धरलं का?"

"धरलं."

मी बटण दाबलं. हवा सुटल्याचा फुस्स आवाज झाला, होल्डर सुटला, पण हातावर वजन आलंच नाही. माझा हात कटरला खालून नुसता टेकलेला होता. कटर आपला आपण सावकाश उतरला आणि टेबलावर आवाज न करता बसला.

खरं सांगू का, भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. खांद्यावरचं ओझं कुणीतरी घेतलंय, एवढंच त्या वेळी कळलं. कुणी घेतलंय हे विचारायचं त्राण नव्हतं अंगात.

मग मी रोजच विचारू लागलो. मी विचारायचं, खालून उत्तर यायचं. काम सुसाट निघायला लागलं. पावसाळा सरत आला तेव्हा शेठनी दाराशी लागलेली तयार मालाची थप्पी बघितली आणि हसले. "एकट्यानं होतंय की रे," म्हणाले, "उगा रडत होतास." काय सांगणार होतो मी त्यांना? माणूस मिळाला नाही, सुटी मिळाली नाही, वर कामही वाढवून दिलं. माझ्या पायावर मीच धोंडा पाडून घेतला होता.

त्यानंतर खालचा आवाज बदलत गेला. आधी झटकन यायचा, मग थांबून यायला लागला, मग त्याच्या आधी एक लांब श्वास ऐकू यायचा. कधी कधी गाळाचा वास यायचा, भाटघरच्या धरणाचं पाणी ओसरल्यावर काठाला येतो तसा. मी तिकडे बघायचो नाही. मान वाकवून खाली बघितलं तर काय दिसेल, हा विचार मी रोज बाजूला सारायचो आणि रोज त्याला हाक मारायचो.

असंच एकदा विचारलं, "धरलं का?"

उत्तर नाही.

"गोरख... धरलं का?" नाव मी पहिल्यांदाच घेतलं.

कितीतरी वेळ नुसते थेंब पडत राहिले. मग माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला.

"इरशा... लई दमलोय रे."

माझ्या अंगावर काटा आला. पण त्याहून जास्त लाज वाटली. शेठपुढं मी ज्या आवाजात बोलायचो, अगदी तोच आवाज होता.

"मला सुटी दे की..." तो म्हणाला.

"जा," मी म्हटलं. "जा तू गोरख. सोड."

"मग खाली कोन धरंल?"

डोकं बधिर झालं होतं. त्यानं जावं, सुटावं, एवढंच मनात होतं.

"मी धरतो," मी म्हणालो.

गाळाचा वास तेवढ्यात गेला. मी दोन्ही हात कटरखाली घातले आणि बटण कपाळानं दाबलं. सगळं वजन एकदम अंगावर आलं, खांद्यातून कळ गेली, पण कटर पडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी शेठना नोकरी सोडतो म्हणून सांगितलं. आम्ही दोघंही सुटलो, असं मला वाटलं.

इथं आलो, बरं चाललं होतं. दुपारी दुकानाची फळी लावून तासभर आडवा व्हायचो. पण उठलो की अंग ठेचून काढल्यासारखं दुखायचं, डावा खांदा तर उचलवायचा नाही. सासरे म्हणायचे, हवा बाधली असेल.

मागच्या बाजाराला ज्ञानू आला. माझ्या जागी शेठनी त्यालाच घेतलंय, चाळिशीचा भोरचा माणूस. कापड बघायचं सोडून तो माझ्याकडेच बघत बसला. मीच विचारलं, एकट्याला झेपतंय का.

"झेपतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज दुपारचं कोनतरी खालून धरतंय."

"गोरख असेल," मी म्हटलं.

"गोरखला म्या वळखत हुतो, इरशादभाई. आवाज तुमचा हाय."

त्यानं कापडाची घडी नीट केली आणि माझ्या पुढ्यात सरकवली.

"दुपारचं झोपत जावा," तो म्हणाला. अगदी अजिजीनं म्हणाला हो. "तुमी न्हाई आला तर मला न्हाई झेपायचं."

त्या दिवसापासून मी दुपारी पाठ टेकत नाही. चहा पितो, गिऱ्हाइकाशी बोलत बसतो, डोळ्यांना पाणी लावतो. काल दुपारी एका बाईंना सुती कापड मोजून देत होतो, चांगला जागा होतो, भावाची घासाघीस चालली होती. एकाएकी डावा हात मापाच्या लोखंडी गजासकट खाली गेला, वरून कुणी घागर ठेवावी तसा. बाई म्हणाल्या, काय म्हणालात? मी तर काही बोललोच नव्हतो.

मग तळहातात काहीतरी सलायला लागलं. शाहिस्तानं मला दारापाशी उजेडात बसवलं आणि सुईनं ते उकरून काढलं. निळसर पडलेला, वळलेला लोखंडाचा कीस. या दुकानात लोखंड म्हणजे एक कात्री आणि एक गज. तिनं तो चिमटीत धरला आणि लगेच टाकून देऊन बोट तोंडात घातलं. कीस अजून गरम होता.