रद्द बिलांची रक्कम

हिशेबात पैसे कमी पडले की माणूस आरडाओरडा करतो, जास्त निघाले की गप्प बसतो. ताईला गप्प बसणं कधी जमलंच नाही.

दादानं रेस्टॉरंट काढलं तेव्हापासून हिशेब तिच्याकडे. दादा गेला, वहिनीनं कारभार घेतला, तरी हिशेब तिच्याकडेच राहिले. एकीकडे बिलांची नोंद, दुसरीकडे कार्डांचे बँकेत जमा झालेले पैसे, आणि दोघांची सोयरीक जुळवायची. बँक मध्यस्थासारखी आपलं कमिशन कापणार, हे धरूनच.

या महिन्यात सोयरीक जुळेना. बँकेत काही रकमा जास्तीच्या होत्या. त्यांतून कमिशनचा एक पैसा कापलेला नव्हता. आणि प्रत्येक रक्कम कुठल्या ना कुठल्या रद्द बिलाएवढी होती.

"वन्सं, यात काय कोडं आहे?" वहिनी म्हणाली. "गल्ल्यावरचे काका कार्ड घासून घेतात आणि बिल रद्द करतात. आज हे, उद्या रोख रकमेत हात घालतील."

"अगं, चोर कधी चोरीचा माल मालकाच्याच घरात आणून ठेवतो का?"

"मग तुम्हीच शोधा कोण ठेवतंय. नाहीतर एक तारखेपासून काकांना नमस्कार."

काकांचे केस त्या गल्ल्यावरच पांढरे झाले होते. ताईनं विचारलं तेव्हा ते नोटांचा गठ्ठा उगाच पुन्हा सारखा करत राहिले.

"ज्याच्या खिशात पैसे नसतात, त्याचं बिल रद्द करतो, ताई. दादा होते तेव्हा ते स्वतःचं कार्ड घासायचे. म्हणायचे, पाहुणा उपाशी नको आणि बहिणीचा हिशेब लंगडा नको. मी कुठून भरू?"

दादाचं कार्ड तर तो गेल्यावर ताईनंच कात्रीनं कापलं होतं. कापताना पातं दोनदा घसरलं होतं.

सुट्टीच्या दिवशी तिनं रेस्टॉरंट उघडायला लावलं. कार्डाचं मशीन वहिनीच्या कपाटात, किल्ली वहिनीच्या कमरेला. आत काका आणि ती, दोघंच. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या. खिडकीपाशी एक टेबल मोकळं करून ती बसली. काकांनी ऑम्लेट, टोस्ट आणि कॉफी आणून ठेवली, बिल केलं.

"पाकीट विसरले," ती म्हणाली.

"असू दे," काका म्हणाले, आणि नेहमीसारखं बिल रद्द करून आत भांडी घासायला गेले.

ती कॉफी पीत बसली. समोरच्या खुर्चीत दादा बसायचा. कॉफीत तीन चमचे साखर घालायचा, ढवळायचा नाही, आणि शेवटी तळाची साखर लहान मुलासारखी चमच्यानं खरवडून खायचा. आत पाण्याचा आवाज थांबला. ऊन टेबलावर सरकत आलं. भीती म्हणावी असं काही नव्हतं. देवघरात आवाज आपोआप खाली येतो, तसा तिचा श्वास हळू झाला. निघताना तिनं मागं पाहिलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या शेजारी बसून तिनं बँकेचं खातं उघडलं.

एकच रक्कम जमा होती. कमिशन न कापलेली.

वहिनीनं कमरेची किल्ली चाचपली. उठून कपाट उघडलं. मशीन जागेवर होतं, वायर गुंडाळलेली.

मग पदरानं डोळे टिपत ती म्हणाली, "काका राहू देत."

ताईचं बोट मात्र आकड्यावर तसंच होतं. रक्कम बिलापेक्षा जास्त होती. एका कॉफीनं.

दोघी रेस्टॉरंटमध्ये गेल्या. ताईनं विचारायच्या आधीच काका म्हणाले, "काल तुमच्याकडे कोणी आलं होतं का, ताई? मी एकच कॉफी दिली होती. कप दोन उचलले."

त्यांनी फळीवरून दुसरा कप काढला. धुवायला त्यांचा हात झाला नव्हता.

वहिनीनं कप खिडकीच्या उजेडात धरला.

तळाशी न ढवळलेली साखर होती. आणि तिच्यात चमच्याचे ओरखडे.