सतरा पूर्णांक तीन

पाटबंधारे खात्यात मी सव्वीस वर्षं मोजमापं लिहिली. कालव्याचा उतार, मातीचा भराव, दगडांची थर लावणी. जे टेपमध्ये बसलं ते खरं, बाकीचं कंत्राटदाराचं. त्रेपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जालन्याच्या एका कॉलेजात दागिने घडवण्याच्या आणि चांदीकामाच्या एक वर्षाच्या पदविकेला नाव घातलं. लहानपणापासूनची हौस वगैरे काही नव्हती. घरी बसलो तर भावना, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, मला रोज दळणाला पाठवणार हे उघड होतं, आणि जाहिरातीत वयाची अट नव्हती.

परतूरहून सकाळच्या गाडीने जायचो. डब्यात कुणी ना कुणी विचारायचं, "चौसाळकर साहेब, कुठं निघाले?" मी म्हणायचो, "कॉलेजला." महिन्याभरात लोक मला प्राध्यापक समजू लागले. मी ते दुरुस्त केलं नाही.

वर्गात आम्ही अकरा जण. दहा जण माझ्या मुलीपेक्षा लहान. माझ्या उजवीकडे श्रेणिक बसायचा. जालन्यातल्या सराफाचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, अंगाने गोलमटोल. दुकानाच्या गादीवर बसण्याआधी हात काळे करून ये, म्हणून वडिलांनी धाडलेला. डावीकडे तीर्थपुरीची स्वरा. काडीसारखी बारीक, पण वर्गात सगळ्यांत चांगला हात तिचाच. शिकवायला कचरूलाल सर. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, सरांचा जन्म मात्र जुन्या जालन्यातला. मराठी आमच्यापेक्षा अस्सल बोलायचे, फक्त चिडले की हिंदीत शिरायचे. माझ्याशी ते बहुतेक हिंदीतच बोलत.

पहिल्या दोन महिन्यांत आमच्या बोटांचे ठसे गेले. दिवसभर कानस आणि पॉलिश पेपर घासून अंगठा आणि पहिलं बोट काचेसारखं गुळगुळीत होतं. कॉलेजात हजेरीला बोट लावायचं मशीन. ते आम्हाला ओळखेना. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसली तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणून आम्ही ऑफिसातल्या अंगदकडे गेलो.

"काका, तुमचा अंगठा मशीनला मान्य न्हाई," अंगद म्हणाला.

"मंग काय करायचं?"

त्याने विचार केला आणि साऱ्या वर्गाच्या डाव्या हाताची अनामिका नोंदवून घेतली. चांदीकामात तेवढं एकच बोट रिकामं असतं. काम झालं. मशीनवर आमची नावं इंग्रजी अक्षरांत उमटू लागली.

दिवाळीनंतर सरांनी पहिली खरी परीक्षा घेतली. साधी, बिननक्षीची चांदीची अंगठी. सगळ्यांना माप एकच: आतला व्यास सतरा पूर्णांक तीन मिलिमीटर. सरांनी वर्तमानपत्राची पुडी उघडली आणि प्रत्येकाला मोडीचे, म्हणजे जुन्या मोडलेल्या दागिन्यांचे, तुकडे अंदाजाने वाटले. वितळवा, ओता, ठोका, वाकवा, सांधा झाळून जोडा.

माझं त्याआधीचं काम असं होतं की सर ते चिमट्याने उचलून खिडकीतल्या उजेडात धरत आणि तसंच परत ठेवून देत. पण ही अंगठी जमली. सांधा दिसेना. माझ्याकडे नोकरीतला व्हर्निअर कॅलिपर होता. चार दिशांनी मोजली. सतरा पूर्णांक तीन, चारही वेळा. सर म्हणाले, "बराबर." वर्षभरात त्यांनी माझ्यासाठी वापरलेला हा एकमेव चांगला शब्द.

मी ती गंमत म्हणून डाव्या अनामिकेत घातली. माझी बोटं जाड आहेत. लग्नातली अंगठीसुद्धा साबण लावून काढावी लागली होती. ही सहज गेली. वाटलं, रोजच्या गाडीच्या धावपळीने वजन उतरलं असावं. मला बरं वाटलं.

"काका, बघू," म्हणत श्रेणिकने घातली. त्याचं बोट म्हणजे केळं. बरोबर बसली.

"मला दे," स्वरा म्हणाली. तिच्या बोटातून ती निसटून पडायला हवी होती. स्वराने हात झटकला, उलटा केला, हलवला. अंगठी जागची हलली नाही.

मग सगळ्या वर्गाने घालून पाहिली. शिपाई वसंता पाण्याची कळशी ठेवून आला, त्याने घातली. दुपारी प्राचार्यांनी बोलावून घेतली. ते डाव्या हाताला पुष्कराज घालत, तो काढून बाजूला ठेवला आणि आमची अंगठी घालून म्हणाले, "वा! अगदी माझ्याच मापाची." प्रत्येक जण नेमकं हेच वाक्य बोलत होता. मी प्रत्येकानंतर अंगठी मोजत होतो. सतरा पूर्णांक तीन. सतरा पूर्णांक तीन.

एकट्या कचरूलाल सरांनी घातली नाही. "मला न्हाई चालत," म्हणाले, आणि उगाचच भट्टीवरची राख झाडू लागले.

त्या संध्याकाळी गाडीत मी डायरीत तक्ता केला. वेगवेगळ्या जाडीची तेरा बोटं, अंगठी एक, माप एक. हे भूमितीत बसत नाही. रांजणी स्टेशनच्या आसपास माझ्या लक्षात आलं की मी अंगठी तेरा वेळा मोजली, बोट एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणिकला पकडलं. त्याची उजवी अनामिका वीस पूर्णांक आठ. डावी सतरा पूर्णांक तीन.

"काका, दोन हात सारखे नसतेत," तो म्हणाला, पण दोन्ही हात त्याने समोर धरले आणि बघत राहिला. एका पंजावर चार केळी आणि एक भेंडी.

स्वराची उजवी चौदा पूर्णांक नऊ. डावी सतरा पूर्णांक तीन. तिने डावा हात ओढणीत घेतला.

माझी मी सगळ्यांत शेवटी मोजली. आकडा लिहायची गरज नव्हती, तरी सवयीने लिहिला.

याच आठवड्यात मशीन बिघडलं. म्हणजे तेव्हा आम्ही बिघडलं असंच म्हणत होतो. श्रेणिकने बोट लावलं, मशीन आनंदाने ‘धन्यवाद’ म्हणालं आणि पडद्यावर नाव उमटलं: धापूबाई. श्रेणिक खो खो हसला. मागून स्वराने लावलं. धापूबाई. मी लावलं. धापूबाई. मधल्या सुट्टीपर्यंत सगळी पोरं एकमेकांना ‘काय धापूबाई, चहा?’ म्हणत होती. प्राचार्य लांबून आले, अंगठा मशीनने दोनदा नाकारला म्हणून त्यांनी अनामिका टेकवली आणि सगळ्या वर्गासमोर धापूबाई झाले. त्यानंतर मात्र कुणी मोठ्याने हसलं नाही.

पंधरा दिवसांनी अंगदने मला ऑफिसात बोलावलं. यादी समोर होती.

"काका, तुमचा आख्खा वर्ग गैरहजर हाय. चालला असाच प्रकार तर परीक्षेला एकजण बी बसत न्हाई." त्याने कागद उलटला. "आन् ही बाई बघा. दिवसातून तेरा तेरा येळा येऊन राह्यली."

"नाव काढून टाक की."

"काढू कुठून? यादीत हे नावच न्हाई. मी घातलंच न्हाई ना. मशीन नवं करून पाह्यलं, तुमचे ठसे पुसून पाह्यले." तो खालच्या आवाजात बोलू लागला. "काका, ती येती, त्याची नोंद हाय. गेल्याची एकदा बी न्हाई."

मी त्याच्या टेबलावरचं शिक्क्याचं पॅड मागून घेतलं. सत्याची शहानिशा करायची एक पद्धत असते. श्रेणिकच्या, स्वराच्या आणि माझ्या बोटाचा ठसा एकाच कागदावर घेतला आणि सरांचं भिंग लावून पाहिला. तिन्ही ठशांच्या मधोमध, तिरकी, एक बारीक पांढरी रेघ होती. भाजी चिरताना विळीवर बोट कापलं की राहते तशी जुनी खूण. मी आयुष्यात विळीवर बसलेलो नाही, याला भावना साक्ष आहे.

तो कागद घेऊन कचरूलाल सरांकडे गेलो. सर एका लहान बाळाच्या वाळ्यांना घुंगरू झाळत होते. त्यांनी कागद पाहिला. मी नाव सांगितलं. त्यांनी ज्योत बारीक केली.

"सर, माझ्या वाट्याला आलेली चांदी कुठली होती?"

"मोड. बाजारातली मोड."

"कुणाची?"

"मोडीला नाव ऱ्हातं का, मार्तंड?" सर म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली, आणि मराठीत. मग चष्मा काढून पुसला. "अंगठी आण. गाळू."

भर दुपारचे बारा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. पलीकडच्या मैदानात एनसीसीची पोरं कवायत करत होती, त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. श्रेणिक आणि स्वरा दाराशी उभे राहिले. सरांनी अंगठी मुशीत ठेवली, वर चिमूटभर टाकणखार टाकला आणि गॅसची ज्योत धरली.

चांदी लाल झाली. कडा सुटल्या. वितळली.

वितळलेली चांदी आकसून गोळा होते. पाऱ्यासारखा एक थेंब, आरशासारखा लखलखीत, मुशीत थरथरत फिरणारा. हे आम्ही तोवर शंभरदा पाहिलं होतं.

गोळा झाला नाही.

पाणी झालेली चांदी गोल कडं करून पडून राहिली. मधली जागा मोकळीच. मुशीचा काळा तळ दिसत होता. सरांनी मूस तिरकी केली. चांदी वळसा घालून पुढे सरकली, मध्ये मात्र आली नाही.

आत बोट असावं तशी.

"काका, बंद करा म्हणा ना," स्वरा म्हणाली.

सरांनी ज्योत मोठी केली. कडं हळूहळू फिरू लागलं. अंगठी सैल आहे का ते पाहायला बाई ती बोटात फिरवते, तितक्या सावकाश.

सरांनी गॅस बंद केला.

"बस," ते म्हणाले. आम्हाला नव्हे.

घट्ट झाल्यावर ती त्यांनी पाण्यात टाकली. चर्र झालं. बाहेर काढली तेव्हा सांधा नसलेली, पॉलिश केल्यासारखी अंगठी होती. माझा हात कॅलिपरकडे गेला. सरांनी तो धरला. "राहू दे. तुला ठाऊक हाय."

त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घातली आणि दोन दिवस रजा टाकली. कॉलेजच्या इतिहासात त्यांनी काढलेली ती पहिली रजा, असं अंगद म्हणाला. तिसऱ्या दिवशी आले. दाढी वाढलेली, वहाणांना कोरडा चिखल.

मी विचारलं, "सर, काय केलं?"

"देऊन आलो."

"कुणाला?"

सरांनी कानस उचलली, ब्रशने साफ केली, पुन्हा ठेवली. "घेतली," एवढंच म्हणाले. मग एकदम हिंदीत शिरून माझ्या नव्या कामातले सात दोष सांगितले. मला हायसं वाटलं.

त्यानंतर मशीनला आमच्यापैकी कुणीच ओळखू येईना. प्राचार्यांनी ते काढून कपाटात ठेवलं आणि जुन्यासारखं हजेरीपुस्तक आणलं. गैरहजेरीचे पंधरा दिवस त्यांनी ‘तांत्रिक कारण’ म्हणून सहीनिशी माफ केले. त्यात त्यांचे स्वतःचेही दिवस होते. मे महिन्यात परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझी नवी अंगठी मोजली, ती अठराच्या पुढे भरली. "मार्तंडराव, ढिली झाली," म्हणाल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या गोंधळल्या. एकसष्ट टक्के मिळाले. स्वरा पहिली आली. श्रेणिक दुकानात बसला. गिऱ्हाईकांसमोर डावा हात गादीखाली ठेवतो असं ऐकतो, पण हिशेबाला उजवाच लागतो, तेव्हा अडत नाही.

माझंही काही अडत नाही. बोट दुखत नाही, सुजत नाही, सगळी कामं करतं. दोन महिन्यांत मला त्याचा विसर पडू लागला होता.

गेल्या रविवारी सकाळी ओसरीवर बसून मी नखं कापत होतो. भावना समोर मेथी निवडत होती. ऊन पायरीपर्यंत आलं होतं, रस्त्यावरून कपाशीच्या बियाण्यांची जाहिरात करणारी रिक्षा गेली. भावना हातातली जुडी ठेवून माझ्या हाताकडे बघू लागली.

"अहो, मेंदी कुठं लावून आलात?"

"कुठली मेंदी?"

"ह्या बोटाला. कुणाच्या लग्नाला गेल्ता काय मला न सांगता?" ती हसत होती.

मी हात उन्हात धरला. डाव्या अनामिकेच्या नखावर, मुळाशी, चंद्रकोरीएवढा गडद तांबडा रंग होता. मी अंगठ्याने घासला. निघाला नाही. नखात मुरलेला होता.

मेंदीचा रंग नखाबरोबर पुढे सरकतो, टोकाला जातो आणि कापला जातो. मागून कोरं नख येतं. हे मला भावनाच्या हातांवर वर्षानुवर्षं पाहून ठाऊक आहे.

इथे उलटं होतं. टोक माझं होतं. रंग मुळातून वर येत होता.