समोरचं बाक

मार्चमध्ये वीज कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होते आणि माझा नवरा कुमार ओट्याला टेकून मला कीर्तनाचा पूर्वरंग ऐकवत होता. आमच्या घरातली ही जुनी रीत. इथल्या मराठी मंडळात कीर्तन असलं की ते आधी आमच्या स्वयंपाकघरात व्हायचं, आणि श्रोता एकच, मी. कुठं लांबलं, कुठला विनोद शिळा झाला, कुठं सूर उतरला, ते मी मळता मळता सांगायची. एकोणीस वर्षं असं चाललं होतं.

मी वूस्टरमधल्या एका अमेरिकन विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. पण कीर्तन मी चुका शोधायला ऐकत नाही. मला त्याचं वेडच आहे. वाईला लहानपणी पायाला मुंग्या येईपर्यंत देवळात बसायची मी. एक माणूस उभा राहतो, गातो, सांगतो, पोट दुखेपर्यंत हसवतो आणि त्याच वाक्यात डोळे पुसायला लावतो. देवाने याहून मोठं सुख केलं असेल तर ते मला अजून दिसलेलं नाही. लग्नाला होकार दिला तोसुद्धा कुमार कीर्तन करतो म्हणूनच.

पत्र हार्लो धरणाबद्दल होतं. आम्ही राहतो त्या श्रूजबरीपासून पन्नास मिनिटांवर एक लहानसं जलविद्युत धरण आहे आणि त्यामागे लांबलचक तळं. काठावर कंपनीचीच एक पिकनिकची शेड आहे: पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, सहा लाकडी टेबलं आणि त्यांची बाकं. उन्हाळ्यात एकादशीला लागून येणाऱ्या रविवारी आमचं मंडळ तिथे कीर्तन करतं. आता धरणाचं लायसन्स संपत होतं. नवं मिळणार ते चाळीस वर्षांचं, आणि नव्या आराखड्यात ती शेड बंद होणार होती. त्याआधी लोकांचं ऐकून घेणं कंपनीला कायद्याने भाग होतं. जूनमध्ये सभा होती. ज्याला बोलायचंय त्याने नाव द्यायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं.

"कुमारच बोलेल," आसावरीकाकू म्हणाल्या. काकू मंडळाच्या अध्यक्ष, पेटीही त्याच वाजवतात. "पण तीन मिनिटं? अरे, तीन मिनिटांत तुझं नमन तरी उरकतं का?"

"काकू, तुम्ही पेटी नाही वाजवली तर उरकेल."

"ऐकलंस का गं उल्का, नवरा किती माजलाय!"

कंपनीने लोकांशी बोलायला जी मुलगी नेमली होती ती आपलीच निघाली. केया नाव, जन्म इथलाच. तिने आम्हाला एक माहितीपुस्तिका दिली. धरण बांधलं तेव्हा हार्लो नावाचं गाव पाण्याखाली गेलं होतं. गावातल्या चर्चचा पाद्री प्रवचन बोलायचा नाही, गायचा, आणि ते ऐकायला लोक दहा-दहा मैलांवरून यायचे, असं एका ओळीत लिहिलं होतं.

कुमारने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. "म्हणजे आपल्याआधी तिथं कीर्तन होतच होतं की! उल्का, मी तिथं जाऊनच तयारी करतो. जागेवर सुचतं."

एप्रिलपासून तो आठवड्यातून दोनदा ऑफिसातून परस्पर तळ्यावर जायला लागला. सहाला फाटक बंद होतं, त्यामुळे पूर्वरंग झाला की त्याला निघावं लागायचं. काकूंना हे आवडलं नाही. "अर्धं कीर्तन टाकून उठू नये रे. ऐकणारं ताटकळतं."

"तिथं ऐकायला आहे कोण, काकू? बदकं!"

तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो घरी आला तेव्हा त्याच्या कपाळावर काळा बुक्का होता.

ज्यांनी नारदीय कीर्तन पाहिलंय त्यांना माहीत असेल, पूर्वरंग संपला की मध्यंतराला बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. आमच्या मंडळात बुक्का लावायचा मान माझा. डबी माझ्या पर्समध्ये असते.

"कोणी लावला?" मी विचारलं.

त्याने कपाळाला हात लावून बघितला. "मीच लावला असेल."

"डबी माझ्याकडे आहे."

"मग जुना राहिला असेल, यार. भूक लागलीये, काय केलंयस?"

मी ओल्या टॉवेलने पुसला. बुक्क्याचा वास नव्हता त्याला. तळ्यातला गाळ उपसल्यावर येतो तसला वास होता, आणि तो टॉवेलमधून दोन धुण्यांतही गेला नाही.

मी सरळ सांगते, माझ्या मनात भुताखेताचं काही आलं नाही. मनात बाई आली. मंडळातल्या चारही गाणाऱ्या बायका मी एकेक करून तपासल्या. त्या-त्या दिवशी कोण कुठे होतं ते बोलता बोलता काढून घेतलं. रुचाचा मुलगा आजारी होता. नीलांबरी महिनाभर हर्नडनला बहिणीकडे. त्यात कोणीच बसेना.

आणि स्वयंपाकघरात गाणं त्याने बंद केलं. "तिकडे होतं गं," म्हणायचा.

त्यातही वाईट हे की तो सुधारत होता. मे महिन्यातल्या एकादशीला त्याने श्रवणभक्तीवर पूर्वरंग केला. नऊ भक्तींतली पहिली भक्ती ऐकण्याची, तीच अवघड, कारण बोलणारा एक वेळ थकतो, ऐकणाऱ्याला थकायची मुभा नाही, असं काहीसं. काकूंचे हात पेटीवर थांबले. मला त्याचे सगळे थांबे माहीत होते. मी कुठे हसते, कुठे 'वा' म्हणते, तिथे तो श्वास घ्यायचा. आता तो वेगळ्याच जागी थांबत होता. तिथे कोणीतरी वेगळं हसत असणार, आणि ते कोणीतरी माझ्यापेक्षा चांगलं ऐकत असणार. सवत आली असती तर मी भांडले असते. पण माझ्याहून चांगली श्रोती आली, हे कुणाला सांगायचं?

आमच्या गाडीला डॅशकॅम आहे, पुढच्या काचेला लावलेला कॅमेरा. गाडी उभी असतानाही तो सुरू राहतो. एका शनिवारी सकाळी चहा घेऊन बसले आणि त्यात पुसल्या न गेलेल्या सात फाइल्स लॅपटॉपवर उघडल्या.

गाडी शेडकडे तोंड करून उभी असायची. चित्रात कुमार, मागे तपकिरी पाणी, पाइनची झाडं. दुसरं कोणी नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक कप चहा केला. मग पुन्हा बघितलं, नीट, ऑफिसात बघते तसं.

तो पाण्याला किंवा झाडांना उद्देशून बोलत नव्हता. समोरच्या पहिल्या टेबलाच्या बाकावर, डाव्या टोकाला, त्याची नजर असायची. आमच्या कीर्तनात ती माझी जागा. तिथे बघून तो हसायचा. एकदा तर कोणी काही विचारल्यासारखं त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. सातही फाइल्समध्ये, पूर्वरंग संपल्यावर, तो दोन पावलं पुढे यायचा आणि मान खाली करायचा, बुक्का लावून घेताना करतात तशी.

मान वर यायची तेव्हा कपाळ काळं असायचं.

मी त्याला दाखवलं. त्याने शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाला, "किती मन लावून ऐकतंय ना."

"कोण ऐकतंय, कुमार?"

"म्हणजे... जागाच तशी आहे," म्हणून तो आंघोळीला गेला.

जूनमधली सभा तळ्याजवळच्या एका शाळेच्या जिममध्ये झाली. बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल, माइक, आणि तीन मिनिटं मोजणारा एक दिवा: हिरवा, पिवळा, लाल. शंभरेक लोक होते. मासेमारीवाले पाण्याची पातळी बदलू नका म्हणाले, कयाक वल्हवणारे पाणी सोडायच्या वेळा आधी कळवा म्हणाले. पहिल्या रांगेत डावीकडची एक खुर्ची रिकामी होती. एक धिप्पाड मासेमार तिच्यावर बसला आणि लगेच उठला. "समबडी स्पिल्ड समथिंग," म्हणून पँट झटकत मागे जाऊन उभा राहिला.

कुमार इंग्रजीत बोलला. बोलताना हळूहळू त्याला चाल लागली. पाण्याखालच्या गावात एक माणूस गाऊन देव सांगायचा, आम्हीही तेच करतो, आणि गाणं ऐकायला जमण्याची जागा एकदा बुडाली आहे, ती पुन्हा बुडवू नका, एवढंच त्याने सांगितलं. दिवा लाल झाला आणि तो त्याच शब्दावर थांबला. जिम उभी राहून टाळ्या वाजवत होती. काकू रडत होत्या. मी त्याच्याकडे बघून हात हलवला. तो त्या ओल्या खुर्चीकडे बघत होता, आणि नवऱ्याने माझ्याकडे तसं बघून मला किती वर्षं झाली ते मी तिथे उभ्या उभ्या मोजत होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी लोकांना धरण दाखवायचा दिवस होता. दरवाजांच्या तपासणीसाठी तळं बारा फूट उतरवलं होतं. काठापासून लांबवर काळा चिखल, आणि त्यात बुडालेल्या हार्लोच्या दगडी पायऱ्या उघड्या पडलेल्या, कुठेच न जाणाऱ्या पाच पायऱ्या. केयाने सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "काकू, गुड न्यूज! शेड राहतेय. फायनल ॲप्लिकेशनमध्ये टाकलंय. फॉर्टी इयर्स! काकांचं भाषण ऐकून बॉस लिटरली रडला."

मी वळून कुमारला सांगायला गेले तर तो नव्हता.

बाकीचे जिना उतरून वीजघरात गेले. मी शेडकडे चालत गेले. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन होतं. तरीही सिमेंटवर, चिखलाच्या बाजूने पहिल्या बाकापर्यंत, एक ओलसर पट्टा होता.

कुमारने उपरणं घेतलं होतं. पूर्वरंग संपत आला होता. आज फाटक बंद व्हायची घाई नव्हती. आज तो उत्तररंगातलं आख्यानही पुरं करणार, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळलं.

मी खांबापाशी थांबले. त्याने मला पाहिलं नाही. तो मान खाली करायला पुढे आला.

आणि मला ते सहन झालं नाही.

ते माझं काम होतं. ती जागा माझी होती. मी तरातरा गेले आणि त्या बाकाच्या डाव्या टोकावर बसले.

लाकूड थंडगार होतं. साडीतून पाणी आत आलं. क्षणभर वाटलं, कोणीतरी सरकून मला जागा दिली.

कुमारने माझ्याकडे बघितलं.

काय सांगू. असं त्याने लग्नातही बघितलं नव्हतं. मी बोट उचलून त्याच्या कपाळाला लावलं. पर्स उघडलीच नव्हती, तरी बोट काळं होतं. त्याने डोळे मिटले, मागे गेला, आणि उत्तररंग सुरू केला.

मी आयुष्यभर कीर्तनं ऐकली, पण त्या दिवशी मला कळलं की मी आजवर निम्म्या कानाने ऐकत होते. शब्द येण्याआधी मला त्याची चाहूल लागत होती. त्याने घेतलेला श्वास माझ्या छातीत भरत होता. कणीक नाही, ऑफिस नाही, कुठे चुकतंय ते नाही. नुसतं ऐकणं. देवा, हे संपू नये, एवढंच मी म्हटलं.

ते संपलं. त्याने हात जोडले, उपरण्याची घडी घातली.

"चल," तो हसून म्हणाला. "काकू शोधत असतील."

"चल," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, मी मघाशी उभी होते त्या खांबाकडे बघत होता.

मी उठायला गेले, उठता आलं नाही. पाय जमिनीवर आहेत असं वाटत होतं. खाली बघितलं नाही.

"कुमार," मी हाक मारली. आवाज बाहेर गेला नाही.

वाळूवरून पावलं गेली. एक त्याची, जरा फरपटती. दुसरी हलकी, चपलांची.

गाडीचं एक दार लागलं.

मग दुसरं.

काच खाली होती, म्हणून ऐकू आलं. माझ्याच आवाजात, थोडंसं लाडात: "कुमार, हीटर लाव ना. हात बघ माझे, किती गार पडलेत."