अकरा नंबर

मॅनेजर साहेब, तुम्ही खोटं बोललात. "माइक बंद होता. त्याने हाक मारली असली तरी ऐकणार कोण?" असं तुम्ही चौकशीत तोंड वर करून सांगितलंत आणि सभागृहाच्या मालकांनी माना डोलावल्या. आवाजाच्या मिक्सरवर त्या माइकच्या, म्हणजे अकरा नंबरच्या चॅनलचा लाल दिवा लागलेला सगळ्यांनीच पाहिला होता. लाल म्हणजे बंद. विषय मिटला. मंचावर टांगलेला माइक तपासताना शिडीवरून पडलेला साउंडवाला म्हणे आपल्याच हलगर्जीपणाने मेला.

त्याच्या जागी त्याची बहीण कामाला लागली. तिला सगळे धाकटीच म्हणत. काम दादानेच शिकवलेलं. प्रत्येक चॅनल म्हणजे बटणांची एक उभी पट्टी. सगळ्यात वर गेन, म्हणजे माइकचा आवाज आत किती घ्यायचा ते. तळाशी सरकणारा फेडर, म्हणजे तो सभागृहात किती सोडायचा ते. आणि घरी निघताना मिक्सर झोपवायचा: सगळे गेन डावीकडे, फेडर खाली, लाल दिवे लावलेले. "तान्ह्या पोराला झोपवतात तसा," दादा म्हणायचा, "मगच चपला घालायच्या."

धाकटी रोज झोपवून जायची. रोज सकाळी अकरा नंबरचा गेन उजवीकडे फिरून वाढलेला असायचा.

"काका, मिक्सरला हात कोण लावतं?" तिने लाइटवाल्याला विचारलं.

"उंदीर असतील."

"उंदीर गेन फिरवतात?"

"मग साहेब असतील. कुरतडण्यात तेही काही कमी नाहीत." लाइटवाला हसला आणि मग आवाज खाली आणला. "सभागृहाची किल्ली त्यांच्याकडेच असते, पोरी. पण मिक्सरजवळ ते येत नाहीत. लांबून वळसा घालून जातात. बघ कधी."

तिने बघितलं. साहेब खरंच वळसा घालून जात होते.

घरी वहिनीचा रोजचा एकच प्रश्न. ताट पुढे सरकवत, मान खाली घालून: "हाक मारली असेल का गं त्यांनी? की कुणाला न सांगताच चढले?" धाकटी ताटातला भात चिवडत राहायची.

एका दुपारी सभागृह रिकामं होतं. तिने अकरा नंबरचा गेन डावीकडे केला, त्याची वायर मागून उपटून काढली, गुंडाळून खुर्चीवर ठेवली. समोर वळली तर गेन पुन्हा उजवीकडे. लाल दिवा लागलेला, फेडर तळाला.

मग तिला आठवलं. लाल दिवा फक्त सभागृहाचा आवाज तोडतो. फेडरच्या वर ऐकण्याचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की चॅनल बंद असला तरी आवाज हेडफोनमध्ये येतो. तपासणी करताना तेच तर दाबतात.

दादा पडला त्या दिवशी मिक्सरवर साहेब बसले होते.

तिने हेडफोन चढवला. बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग लाकडाची करकर. मग श्वास, अगदी कानाला लागून.

"साहेब, शिडी सरकतेय."

दादाच. सर्दी झाल्यासारखा त्याचा तो आवाज.

"या ना, धरा जरा. हेडफोन कानावर आहे तुमच्या, दिसतोय मला इथून."

धाकटीने मंचाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. वायर खुर्चीवर तशीच होती.

"साहेब, हसताय काय?"

मागचं दार वाजलं. साहेब आत आले आणि नेहमीसारखे वळसा घालून निघाले.

"साहेब, धरा!"

साहेब जागच्या जागी थांबले. रिकाम्या मंचाकडे बघून वैतागाने ओरडले, "धरतो रे! किती बोंबलशील?"

आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

हेडफोनमध्ये करकर थांबली. श्वासही.

वहिनीला आता उत्तर मिळालंय. तिने फक्त ताट झाकून ठेवलं. पण आम्हा कामगारांचा प्रश्न उरलाच आहे, आणि तो मालकांसमोर, चारचौघांत विचारतोय. हेडफोन धाकटीच्या कानावर होता. सभागृहात दुसरं चिटपाखरू नव्हतं, स्पीकर मुके होते.

मग तुम्ही "धरतो" कुणाला म्हणालात, साहेब? बोला.