मातीवरचा निळा हात

ही घटना खरी आहे.

तारीख १२ फेब्रुवारी २००९, गुरुवार. जागा सातपूर, औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. वेळ दुपारचे चार. अमावास्या नव्हती, पिंपळ नव्हता आणि पांढऱ्या साडीतली बाईही नव्हती. ज्यांना तेच हवं असेल त्यांनी इथंच थांबावं. असल्या गोष्टींना मी आजही हसते.

मी भूशास्त्रात एम.एस्सी. करून एका खासगी सर्वेक्षण कंपनीत लागले होते. सुरगाण्याकडच्या एका पाड्याजवळ पाझर तलाव व्हायचा होता. भिंतीसाठी दोन जागा होत्या, एक वर, एक खाली. खालची स्वस्त पडत होती. पण तिथं भिंत घातली तर फुगवट्याचं पाणी टेकाडावरच्या अकरा घरांत शिरेल का, एवढंच मला सांगायचं होतं.

घरं कोरडी राहतात असा अहवाल गेला, की कुणाला दुसरी जागा मिळणार नव्हती. माणसं तिथंच राहणार होती.

त्यासाठी आम्ही प्लायच्या पेटीत त्या दरीचं मातीचं मॉडेल केलं होतं. वर टांगलेला लेझर स्कॅनर दर दहा सेकंदांनी मातीची उंची मोजायचा. संगणक पाणी कुठं साचेल ते काढायचा आणि प्रोजेक्टर ते पाणी निळ्या उजेडात मातीवर पाडायचा. हातानं डोंगर कापा, पाणी लगेच वाट बदलायचं.

आमच्या शेखर सरांना त्यातलं काही कळत नसे. पाहुणे आले की ते मातीत बोट खुपसत आणि "बघा, नदी!" म्हणत. बस, एवढंच त्यांचं विज्ञान.

त्या दिवशी त्यांनी पाड्यावरून लहानू आणि त्याची बायको कुसाबाई यांना बोलावलं होतं. साठीतली माणसं. टेकाडावरचं पहिलं घर त्यांचं. त्यांना मॉडेल दाखवायचं आणि होकाराचा अंगठा घ्यायचा.

मी खालच्या जागी भिंत बसवली. निळं पाणी चढलं आणि घरांच्या बरंच खाली थांबलं.

"बघा, कोरडी," मी म्हटलं.

"टेकाडाच्या मागं जमीन दबलेली हाय बाई," लहानू म्हणाला. "तिथनं पानी आत येतं. बाप सांगायचा."

"तुमच्या बापानं उंची मोजायला लेव्हल लावली होती का?"

सर खो-खो हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

"नाय लावली," कुसाबाई म्हणाली. "त्याला पायानं कळायचं. तुला कळायला आधी गाडीतनं उतरायला लागंल."

"बरं, किती खोल ते हातानं करून दाखवा," मी म्हटलं.

लहानूनं हात पुढं केला. मातीच्या वीतभर वर थांबवला.

"ही माती कुठली?"

"तुमच्याकडचीच. टेकाडावर ते कोरीव दगड आहेत ना, त्यांच्या बुडाची. बाकी सगळा मुरूम, ती तेवढी मऊ होती. चाळायला बरी."

त्यानं हात मागं घेतला.

"ते आमच्या मेलेल्यांचे चिरे हायेत," तो हळू म्हणाला. "जाळल्यावर मूठभर राख आमी तिथं पुरतो. माज्या बापाची बी तिथंच हाय."

"माती ती माती," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातलं लेथ मशीन चहासाठी बंद झालं.

एकदम शांत.

आणि मग... थप.

ओल्या मातीवर तळवा मारल्यासारखा आवाज.

थप... थप...

आम्ही चौघंही पेटीपासून दूर उभे होतो.

स्कॅनर फिरला. टेकाडाच्या मागं, जिथं कोरडं होतं तिथं... निळं उमटलं.

आधी तळवा. मग बोटं.

चारच बोटं.

पाणी त्या हातातून वाट काढत पुढं सरकलं आणि अकरा घरांभोवती भरलं.

मी स्टीलची पट्टी घेतली आणि मातीवर उभी धरली. खाली उजेडाची फटही नाही. माती सपाट होती. स्कॅनर नऊ मिलिमीटर खड्डा सांगत होता. मी मातीवर प्लायची फळी ठेवून स्कॅनरनं मोजलं, फळी सपाट. फळी काढली.

चार बोटं.

"बापाची करंगळी कोयत्यानं गेलेली," लहानू म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. कुसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, सासऱ्यासमोर करतात तसा.

"मशीन बिघडलंय," सर म्हणाले. कपाळावर घाम होता तरी माणूस आढ्यताखोरच. "तो भाग काढून टाक. खालची जागा लिही."

मी दुसऱ्या दिवशी सुरगाण्याला गेले. पेटीतली माती जिथली तिथं ठेवली. मग टेकाडाच्या मागं स्वतः लेव्हल लावली, दोनदा. जमीन नकाशात होती तशीच निघाली. खोलगट भाग नव्हताच.

तरीही मी खालची जागा धोक्याची म्हणून लिहिली. कारणाच्या रकान्यात 'मापनात विसंगती' एवढंच. सरांनी मला त्याच महिन्यात काढलं. पण अहवाल आधीच पोचला होता. भिंत वरच्या जागी झाली.

म्हणजे त्या अकरा घरांपर्यंत पाणी कधी आलंच नाही. आता येणारही नाही. माझं बरोबर होतं की चूक, हे तपासायचा मार्गच उरला नाही. भुताखेतांना हसणाऱ्यांनी मला कारण सांगावं. मी वाट बघतेय.

मागच्या वर्षी पाड्यावर गेले होते. कुसाबाईनं कोरा चहा दिला. स्वतःची कपबशी घेऊन समोर बसली. मग म्हणाली,

"आलं असतं का गं पानी?"

"आलं असतं," मी म्हटलं.

न मोजता दिलेलं माझं ते पहिलं उत्तर.

तिनं मान हलवली... माझ्याकडे नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून.