धक्क्यावर उघडणारं दार

“वेडं कोण झालंय तेवढं शोधून द्या,” आस्लाक म्हणाला. “मी, की गाडी. उत्तर काहीही आलं तरी चालेल. म्हणजे, दोन्हींपैकी एक जरा जास्त चालेल.”

बोर्गहिल्डने त्याच्यापुढे कॉफीचा मग सरकवला. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्यांचं खरं-खोटं करून झाल्यावर ती आता तेच काम स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून करत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा दीर ट्रुल्स वॅफलवर तपकिरी चीज पसरत होता. ट्रुल्स हा निवृत्त भूगोलशिक्षक. वहिनीच्या प्रत्येक प्रकरणात तो हजर असायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत गुन्हेगार ओळखायचा. आजवर एकदाही बरोबर ओळखला नव्हता, पण दहा मिनिटांची वेळ कधी चुकवली नव्हती.

आस्लाक त्र्याहत्तर वर्षांचा होता. धंद्याने सुतार. गावातली निम्मी दारं त्याने बसवलेली, आणि उरलेल्या निम्म्यांना तो नावं ठेवायचा.

“मुलाने, हाल्वोरने, ऑक्टोबरात नवी विजेची गाडी घेतली,” तो सांगू लागला. “मोठी, सगळ्या कुटुंबाला पुरेल अशी. घेतल्यावर कळलं की कुटुंबच उरलं नाही. बायको फ्योर्डच्या, म्हणजे इथल्या खाडीच्या, पलीकडे राहायला गेली. म्हणून दर शुक्रवारी मी तुवाला, माझ्या नातीला, फेरीबोटीने तिच्या आईकडे नेतो. पाच वर्षांची आहे. डिसेंबरपासून तीनदा असं झालं. मी धक्क्यावर रांगेत गाडी लावतो, टपरीवर सॉसेज आणायला उतरतो. पाच पावलं. परत बघतो तर मागचं डावं दार उघडं.”

“तुम्ही त्या बाजूला गेला होतात?”

“नाही.” तो थांबला. “नसेन. हाच तर घोळ आहे, बाई. आधी मला माहीत असायचं. आता मला वाटतं.”

तिसऱ्या खेपेला तुवा पट्टा सोडून खाली उतरली होती. पाण्यात सील दिसला म्हणून. धक्क्याच्या कडेपासून तीन पावलांवर फेरीबोटीवर काम करणाऱ्या योरुनने तिची कॉलर धरली. दुसऱ्या दिवशी हाल्वोरने स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवरून शुक्रवारची ‘आजोबा’ ही चिठ्ठी काढून टाकली.

“ओरडला असता तर बरं,” आस्लाक म्हणाला. “त्याने मला डॉक्टरचा नंबर दिला. प्रेमाने.”

“वर्कशॉपला सांगितलंत?”

“पत्र दिलं, माझ्या हातचं. तीन मील गेलं की दोन दारांमधल्या डाव्या खांबातून टकटक ऐकू येते. धक्का साडेतीन मीलांवर. तिथे गाडी थांबली की दार उघडतं. सगळं लिहिलं. त्यांनी दहा दिवस गाडी ठेवून घेतली आणि कळवलं, दोष आढळला नाही. दोष आढळला नाही! त्या गाडीत अकरा दोष मी बसल्या जागी मोजलेत. छताचं कापड लोंबतं. खड्डा आला की समोरचा खण उघडून कागद ओकतो. वायपर एकमेकांशी बोलत नाहीत. आणि डाव्या दाराची फट वर दोन मिलिमीटर, खाली चार. असं दार मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं नसतं.”

“हीटर लावता?”

“मागचा पूर्ण. तुवाचा बर्फातला जाड पोशाख उतरवूनच पट्टा बांधतो, नाहीतर पट्टा सैल राहतो. मग पोर गारठू नये म्हणून.”

“आणि मुलांसाठीचं कुलूप?”

“लावलेलं असतं. आतून दार उघडूच शकत नाही.” पुन्हा तो थांबला. “असं मला वाटतं.”

तो गेल्यावर ट्रुल्सने बोटं पुसली. “वहिनी, मुलगाच. हल्लीच्या गाड्या फोनवरून उघडतात. म्हाताऱ्याचं सुनेकडे येणं-जाणं त्याला खुपत असणार.”

“नऊ मिनिटं,” बोर्गहिल्ड घड्याळाकडे बघत म्हणाली. “सुधारतोयस.”

हाल्वोरचं चष्म्याचं दुकान होतं. बोर्गहिल्ड आणि ट्रुल्स तिथे गेले तेव्हा तो नुकताच कामावर पोचला होता. अंगात जॅकेट, डोक्यावर लोकरी टोपी, हातांत मोजे.

“थंडी वाजते का?” ट्रुल्सने विचारलं.

“गाडीत हीटर लावत नाही. बॅटरी खातो. घर ते दुकान सहा किलोमीटर, तेवढं सोसतं.” नव्या गाडीचा अभिमान आणि सर्दी, दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर एकत्र नांदत होती.

“तुम्ही गाडी नेता तेव्हा ते दार कधी उघडलं?” बोर्गहिल्डने विचारलं.

“एकदाही नाही. म्हणून तर...” त्याने वाक्य काउंटरवर ठेवून दिलं.

“फोनवरून उघडता येतं ना?” ट्रुल्सने बाण सोडला.

हाल्वोरने फोन पुढे केला. गाडी सगळ्याची नोंद ठेवत होती. तिन्ही शुक्रवारी, चार वाजून वीस ते पंचवीस मिनिटांच्या दरम्यान: ‘मागचं डावं दार. उघडलं. आतून.’ फोनवरून एकदाही नाही.

“आतून,” हाल्वोर म्हणाला. “म्हणजे कुलूप लावायला बाबा विसरले आणि तुवाने बटण दाबलं. मला तरी कुठे हौस आहे? पण ती तीन पावलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.”

ट्रुल्सला त्याची दया आली, आणि आपल्या तर्काचीही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “कुलूप लावलेलं, आणि दार आतून उघडलं. दोन्ही खरं असू शकत नाही.”

“शकतं,” बोर्गहिल्ड म्हणाली. “गाडीला दोनच शब्द येत असतील तर.”

ट्रुल्सला याचा अर्थ लागला नाही. त्याने मान डोलावली.

वर्कशॉपच्या केनेटने त्यांना आधी कॉफी दिली आणि मग फाइल. केनेट नीटनेटका माणूस होता. त्याच्या पेनांनाही रांग होती.

“मी जे करायचं ते सगळं केलं,” तो म्हणाला. “म्हाताऱ्यांचं पत्र शब्द न् शब्द कंपनीच्या फॉर्मवर उतरवलं. एक स्वल्पविराम गाळला नाही. कंपनी परदेशात आहे, फॉर्म आपोआप इंग्रजीत होतो. आठवड्याने चाचणीची पद्धत आली. तीही शब्द न् शब्द पाळली.”

बोर्गहिल्डने तो कागद वाचला. ट्रुल्सने तिच्या खांद्यावरून वाचला. ‘गाडी रात्रभर थंड ठेवावी. मागचा हीटर पूर्ण. चाचणीचं अंतर ४.८ किलोमीटर. थांबून दार तपासावं. दहा दिवस, रोज एक चक्कर.’

“चार पूर्णांक आठ,” बोर्गहिल्ड म्हणाली.

“हो. पेट्रोल पंपापर्यंत चार पूर्णांक सात भरतं, म्हणून मी पंपाला अर्धा वळसा घालायचो.”

“पाच का नाही, असा विचार मनात आला नाही?”

केनेट गोंधळला. “तसं लिहिलं नव्हतं.”

“टकटक ऐकलीत?”

“ती गाडी इतकी वाजते, की त्यातली टकटक कुठली ते सांगणं अवघड आहे. पण दार दहाही दिवस बंद. माझं नाव लागतंय त्या अहवालावर, बाई. मी खोटं लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नाहीतच,” बोर्गहिल्ड म्हणाली, आणि केनेटला उगाचच घाम फुटला.

तिथून दोघं धक्क्याकडे निघाले. गावाच्या वेशीवर ‘फेरी ३५ कि.मी.’ अशी पाटी लागली. ट्रुल्सने वेळ घालवायला फ्योर्ड कसे तयार होतात ते सांगितलं. हिमयुग संपेपर्यंत ते पोचले.

योरुन पिवळ्या कोटात गाड्यांना हातवारे करत होती. फेरी येईपर्यंत तिला दहा मिनिटं होती.

“आस्लाककाका विसरलेले नाहीत,” तिने पहिल्या फटक्यात सांगितलं. “पहिल्या दोन वेळेला मी बघत नव्हते. तिसऱ्या वेळेला ते टपरीवर होते आणि दार बंद होतं. मी त्या गाडीच्या शेजारूनच गेले. वळले तर उघडं.”

“हे हाल्वोरला सांगितलंत?”

“सांगितलं. तो म्हणाला, मग कुलूप विसरले असतील. म्हातारा माणूस कशात तरी सापडायलाच हवा ना!”

“कुणी जवळ होतं? हात लावला?”

“कुत्रंसुद्धा नाही. मी पोरीला धरलं, आत बसवलं. तोल जाऊ नये म्हणून दोन दारांमधल्या खांबाला हात टेकला. बोटं बधिर झाली होती, मोजे भिजलेले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खांब तव्यासारखा गरम. मी जरा वेळ हात तसाच ठेवला.”

बोर्गहिल्ड हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

बुधवारी दुपारी चौघे त्या गाडीतून निघाले. आस्लाक चालवत होता, शेजारी हाल्वोर. मागे उजवीकडे केनेट, आणि मधे ट्रुल्स, गुडघे कानांपाशी. डावीकडे तुवाच्या खुर्चीत पंधरा किलो बटाट्यांचं पोतं पट्टा बांधून बसवलं होतं. हीटर पूर्ण. मुलांचं कुलूप बोर्गहिल्डने हाल्वोरकडूनच लावून घेतलं होतं आणि वर चिकटपट्टी मारली होती. ती स्वतः आपल्या जुन्या गाडीतून मागे येत होती.

पाच किलोमीटर झाले. काही नाही. पंधरा झाले. छताचं कापड ट्रुल्सच्या टकलाला गुदगुल्या करत होतं. केनेट दर पाच मिनिटांनी “दोष आढळला नाही” अशा चेहऱ्याने बाहेर बघत होता. आस्लाकची पाठ ताठ होती. आज दार उघडलं नाही, तर त्या डॉक्टरला फोन करावा लागणार, हे गाडीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग डाव्या खांबातून आवाज आला. टक. टक-टक.

ट्रुल्सने खांबाला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

धक्क्यावर आस्लाकने गाडी रांगेत उभी केली. योरुन कोपऱ्यात येऊन थांबली. बोर्गहिल्डने बाहेरून सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. चार मोठे पुरुष हात वर करून बसले. बटाटे तेवढे बिनधास्त होते.

एक मिनिट गेलं. दुसरंही.

खट्. मागचं डावं दार अलगद उघडलं आणि फ्योर्डवरचा गार वारा बटाट्यांवर आला.

आस्लाकने हात खाली घेतले. त्याने ते स्टीअरिंगवर ठेवले.

“आता खाली उतरा,” बोर्गहिल्ड म्हणाली. “केनेट, त्या खांबाचं आवरण काढा.”

केनेटने आवरण उचकटलं. आत मागच्या सीटकडे गरम हवा नेणारी जाड नळी होती, आणि दाराच्या कुलपाची वायर तिच्यावरच रेलली होती. वायर दूर धरायची क्लिप जिथे बसवायची तिथे रिकामं भोक होतं.

“क्लिप कारखान्यातच बसवलेली नाही,” बोर्गहिल्ड म्हणाली. “अर्धा-पाऊण तास हीटर चालला की वायरचं आवरण मऊ होतं आणि ती पत्र्याच्या धारेवर टेकते. आधी टकटक. गाडी धावत असताना कुलूप ऐकत नाही, ती सुरक्षितता ठेवलेली आहे. पण गाडी थांबली, की त्याला हुकूम मिळाल्यासारखं वाटतं. मुलांचं कुलूप फक्त आतलं बटण अडवतं, ही वायर त्या बटणाच्या पुढची, म्हणून ते कुलूप असून नसल्यासारखं. आणि गाडीच्या नोंदीत बाहेरून आणि आतून एवढंच असतं. बाहेरून कुणी उघडलं नाही, म्हणून ‘आतून’. हाल्वोर, तुम्ही सहा किलोमीटर जाता, तेही हीटर न लावता. तुमच्याकडे शंभर वर्षं हे दार उघडलं नसतं. गाडी थंड झाली की वायर पुन्हा घट्ट, पुन्हा शहाणी.”

“पण मी तर हीटर लावला होता,” केनेट म्हणाला. “आणि पत्रात लिहिल्याइतकं अंतर...”

“पत्रात काय होतं?”

“तीन मील.”

“तीन मील म्हणजे किती, केनेट?”

“तीस किलोमी...” केनेटचं तोंड उघडंच राहिलं, त्या दारासारखं.

“आपल्या देशातला मील दहा किलोमीटरांचा,” बोर्गहिल्ड म्हणाली. “शाळेपासून. गावापासून धक्का साडेतीन मील, पाटीवर पस्तीस किलोमीटर. आपल्यापैकी कुणालाही त्यात वेगळं काही दिसत नाही. पण इंग्रजीतला मैल एक पूर्णांक सहा किलोमीटरचा. तुमच्या यंत्राने मीलचा मैल केला, परदेशातल्या साहेबाने तीन मैलांचे किलोमीटर केले, आणि आले चार पूर्णांक आठ. असा आकडा कुणी मनाने लिहीत नाही. तो कशाचं तरी भाषांतर असतो. तुम्ही रोज सात मिनिटं गाडी चालवून घरी गेलात. शब्द न् शब्द.”

ट्रुल्सने घसा साफ केला. “मी चाळीस वर्षं पोरांना नकाशावरची अंतरं शिकवली.”

“म्हणूनच तुला दिसलं नाही,” ती म्हणाली.

केनेटने वही काढली, पेन काढलं, आणि काय लिहावं ते न सुचून दोन्ही परत ठेवलं. मग म्हणाला, “गाडी इथून हलवता येणार नाही. टो करायला लागेल. काका, मला... मी उद्या घरी येतो. पत्र परत लिहू. तुम्ही सांगा, मी लिहितो.”

आस्लाकने होकारार्थी मान हलवली. तो केनेटकडे बघत नव्हता.

हाल्वोर उघड्या दाराशी उभा होता. त्याने दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. मग पोत्याचा पट्टा सोडू लागला. तो बराच वेळ सुटत नव्हता.

“बाबा,” तो पोत्याकडे बघतच म्हणाला, “शुक्रवारी... तुवाला न्यायचंय. मी दुकान बंद ठेवतो, कुणाची तरी गाडी मागून तुम्हाला सोडतो...”

“कशाला? आम्ही बसने जाऊ.”

“इतक्या लांब? बसने?”

“सव्वातीनला सुटते. मला गाडी चालवायची हौस नव्हती रे. तिला न्यायची होती.” आस्लाकने कोटाची बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत, सावकाश. “आणि हे बघ. दार लावलं का, टोपी घातली का, तुवा बरोबर आहे ना, म्हणून फोन करायचा नाही.”

हाल्वोरने पोतं खांद्यावर घेतलं. “आणि केला तर?”

“उचलणार नाही,” आस्लाक म्हणाला. “आम्ही खिडकीतून बाहेर बघत असू.”