काचेतला सरळ धागा

थोरला मुलगा टाकीत बुडून गेला आणि धाकट्याला त्याच्या खुनासाठी धरून नेलं, हे आईनं एका दमात सांगितलं. मास्तर ऐकत होता. एकेकाळी शाळेत शिकवणारा हा माणूस आता खाजगी तपास करी. त्याचा सोबती ढब्बू मात्र गलबलला.

दोघं रंगाच्या कारखान्यात गेले. थोरला अकरा वाजता कोरडी टाकी घासायला उतरला होता. आत अडचण नको म्हणून शिडी बाहेर ढकलायची, ही तिथली रीत. अकरा दहाला धाकट्यानं झाकण उघडलं, तर टाकी काठोकाठ.

धाकटा कामावर आला तोच अकरा वाजून सहा मिनिटांनी, असं रखवालदारानं सांगितलं. तोवर पंपावर मुकादम एकटाच होता. पाण्याचा वेग कळावा म्हणून टाकीत पाणी नेणाऱ्या पाइपाच्या काचेच्या तुकड्यात लाल रंगाची बारीक धार सोडलेली असते.

"धुण्यापुरता नळ बारीक सोडला होता," मुकादम म्हणाला. "धाकटा आला तेव्हा काचेत बघितलं, धार धाग्यासारखी सरळ होती. पंप त्याच्या हवाली करून मी गेलो. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पुढचं त्यालाच विचारा."

ढब्बूला ते पटलं. मास्तरनं पाइपाचा व्यास मोजला, दहा सेंटिमीटर. पाट्याही वाचल्या: पंप सेकंदाला दहा लिटर, टाकी सहा हजार लिटर, उंची सव्वादोन मीटर.

संध्याकाळी कचेरीत फौजदार, मुकादम आणि आई बसले होते.

"नळ पूर्ण सोडला तरी टाकी भरायला दहा मिनिटं लागतात," मास्तर म्हणाला. "धाकट्याला मिळाली चार. म्हणजे नळ अकरापासूनच पूर्ण सुरू होता. तेव्हा पाणी सेकंदाला सव्वा मीटर धावतं आणि असं घुसळतं की सगळी काच लाल होते. धागा सरळ राहायला वेग सेकंदाला दोन सेंटिमीटरच्या आत लागतो. त्या वेगानं टाकीला दहा तास लागले असते. मुकादम, तुम्ही काचेत पाहिलंच नाहीत."

मुकादमाचा चेहरा पडला. "शिडी बाहेर दिसली. वाटलं, तो वर आलाय. झाकण लावलं आणि नळ सोडला."

धाकटा सुटणार होता. आईनं डोळे पुसले नाहीत. तिनं एवढंच विचारलं, "धाकटा फाटकात पोचला तेव्हा थोरला जिवंत होता का?"

"नाही," मास्तर लगेच म्हणाला. "तोवर सगळं संपलं होतं."

आयुष्यात गणिताला घाबरलेल्या ढब्बूनं पहिल्यांदाच मनात आकडेमोड केली. सहा मिनिटं, छत्तीसशे लिटर. पाणी जेमतेम छातीपर्यंत. त्यानं मास्तरकडे पाहिलं आणि आईला हात देऊन उठवलं.